डोक्याला मुका मार लागला, तर पोरांना मैदानात परत कधी पाठवायचं?

आजचं बोलणं ज्यांची मुलं-मुली शाळेत खेळतात त्यांच्यासाठी आहे. आज्यांनीही रेडिओजवळ बसावं, कारण पोर पडलं की पहिली हळद आजीच लावते.

आमच्या बचत गटात सतरा जणी आहोत. त्यातल्या एका वहिनींची मुलगी नववीत आहे आणि कबड्डी खेळते. चढाईला गेली की हात लावून कधी परत येते ते समोरच्यांना कळत नाही. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर तालुक्याच्या स्पर्धा होत्या. त्याच्या आठ दिवस आधी सरावात दोघींनी मिळून तिची पकड केली आणि पडताना तिचं डोकं तिसरीच्या गुडघ्यावर आपटलं. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं नाही, ती बेशुद्धही पडली नाही. जरा वेळ बसली, पाणी प्यायली आणि पुढं दहा मिनिटं खेळली. फक्त शेजारच्या मुलीला तिनं तीन वेळा विचारलं, "माझी चढाई झाली का गं?" मुली हसल्या. आता आम्हांला कळतं, की खरी खूण तीच होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिला एकदा उलटी झाली. वहिनींनी आम्हांला हाक मारली. आम्ही गेलो आणि आमच्या आयाबाया जे करत आल्या तेच केलं. कपाळाला हळदीचा लेप लावला, सासूबाईंनी दृष्ट काढली आणि "डोक्याला मार लागल्यावर झोपू द्यायचं नसतं" म्हणून दोघी-दोघींनी पाळ्या लावून पोरीला पहाटेपर्यंत जागं ठेवलं. ती बिचारी झोपेनं पेंगत होती आणि आम्ही तिला गोष्टी सांगत होतो. आमच्या हातून दोन चुका झाल्या. उलटी झाल्यावर रात्रीच दवाखाना गाठायला हवा होता, तो गाठला नाही. आणि ज्या झोपेनं मेंदूला विसावा मिळतो ती झोप आम्ही मोडली.

सकाळी ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून जिल्ह्याच्या गावी सीटी स्कॅनला पाठवलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून अडीच हजार काढले. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला, सगळं नॉर्मल. वहिनींचे मालक स्कॅन सेंटरच्या दारातच म्हणाले, "फोटो क्लिअर आहे. बुधवारची मॅच खेळायला हरकत नाही." आम्हीसुद्धा मान हलवली. खेळाबद्दल डॉक्टरांना विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळा घोळ इथंच होतो.

आपल्याकडं मुका मार हा शब्द आहे. कातडी फुटत नाही, रक्त दिसत नाही, पण आत ठणका लागतो. पाठीला, मांडीला मुका मार लागतो तसा तो मेंदूलाही लागतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. आपला मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. स्टीलच्या डब्यात पाणी घालून त्यात खरवसाची वडी ठेवली आणि डबा जोरात हिसडला, तर डब्याला पोचा पडणार नाही, पण वडी आत डचमळेल, पिळवटेल. तसंच हे आहे. म्हणूनच डोकं कुठं आपटायलाच हवं असंही नाही. छातीला किंवा खांद्याला जोराची धडक बसून मान झटक्यात हलली तरी मेंदूला धक्का बसतो. आणि बेशुद्ध पडणं तर अजिबातच गरजेचं नाही. असा धक्का बसलेली बहुतेक मुलं एकदाही बेशुद्ध पडत नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये दिसतं ते रक्त आणि हाड. कवटीला तडा गेला आहे का, आत रक्त साचलंय का, हे कळण्यासाठी तो काढतात, आणि ते कळणं फार मोलाचं असतं. पण कन्कशनमध्ये बिघाड होतो तो मेंदूच्या पेशींच्या कामात. पेशींमधल्या क्षारांचा तोल जातो, तो परत सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते, आणि नेमका त्याच वेळी त्यांना होणारा पुरवठा कमी झालेला असतो. आपल्या शेतातल्या मोटारीचं उदाहरण घ्या. व्होल्टेज पडलेलं असताना मोटार रेटून चालवली की जळते. मोटारीचा कुणी फोटो काढला तर त्यात व्होल्टेज दिसेल का? मग मेंदूच्या फोटोत तरी ते कसं दिसावं? म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "आत रक्तस्राव नाही" एवढाच. "खेळायला परवानगी आहे" असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. प्रत्येक मुलाला स्कॅन लागतोच असंही नाही, ते डॉक्टर तपासून ठरवतात. तेव्हा "स्कॅन का नाही काढत" म्हणून त्यांच्याशी भांडू नका.

मग मेंदूला धक्का बसला हे ओळखायचं कशावरून? मुलाच्या वागण्यावरून. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं हे तर असतंच. पण पोर गोंधळल्यासारखं दिसतं, तेच तेच विचारतं, विचारलेल्याचं उत्तर उशिरा देतं, काय घडलं ते आठवत नाही. उजेड सहन होत नाही, कुकरची शिट्टी कानात घुसते. उगीच चिडतं, उगीच रडतं. अभ्यासाला बसलं की एकच ओळ पाच वेळा वाचतं. यातल्या काही खुणा लगेच दिसतात, काही एक-दोन दिवसांनी वर येतात. मैदानात असं काही दिसलं, किंवा नुसती शंका जरी आली, तरी त्या दिवसाचा खेळ तिथंच बंद. "पाच मिनिटं बस आणि परत जा" हे चालणार नाही. मार लागल्यावर खेळत राहिलेल्या मुलांना, लगेच बाहेर बसवलेल्या मुलांपेक्षा बरं व्हायला जास्त दिवस लागतात, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे.

आणि काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्या तर चर्चा करायची नाही, कुणाच्या मोटारसायकलची वाट बघायची नाही, थेट १०८ नंबरला फोन करायचा. डोकेदुखी कमी न होता वाढत चालली. उलट्या पुन्हापुन्हा झाल्या. झटका आला. एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसायला लागली. जीभ जड झाली, हातापायातली ताकद गेली किंवा मुंग्या आल्या. माणसं ओळखेना, गोंधळ वाढत चालला. हलवून उठवलं तरी जाग येईना. कानातून, नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं. मान खूप दुखत असेल तर पोराला उचलून बसवू नका, गाडी येईपर्यंत आहे तसं राहू द्या. झटका आलेल्या पोराला कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर मुळीच नाही. तोंडात पाणी ओतायचं नाही.

हे पहिल्या दोन दिवसांत डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण पोर चालतंय-बोलतंय यावर जाता येत नाही. जुन्या क्रिकेटवाल्यांना रमण लांबा आठवत असतील. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला सामन्यात ते फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. मग प्रकृती ढासळत गेली, शस्त्रक्रिया झाली, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. असं क्वचित होतं, पण सुरुवातीच्या काही तासांत रक्तस्राव आणि साधा मुका मार बाहेरून सारखेच दिसू शकतात, म्हणून दवाखाना चुकवायचा नाही.

दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालते, वयाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. घरात पडलेली दुसरी कुठली दुखण्याची गोळी, अ‍ॅस्पिरिन वगैरे, मनानं द्यायची नाही. त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर पोराला खुशाल झोपू द्या. रात्री उठवून बघायचं का, किती वेळा, ते निघतानाच विचारून घ्या.

आता परत आमच्या पोरीकडं येतो. पाचव्या दिवशी गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, सगळ्या उठायला लागल्या तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगी दुखत नाही म्हणते, पण उन्हात गेली की ओढणी डोळ्यांवर ओढतीय. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं तिनं. आणि काही बोललं की अंगावर येतीय." आम्ही विचारलं, मग खेळायला का पाठवताय? त्यावर त्या म्हणाल्या, "तिच्या पप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय. सर म्हणतात ती नसली तर टीम पडंल. आणि जिल्ह्याला, पुढं राज्याला गेली तर दहावीला खेळाचे मार्क मिळतील, पुढं पोलीस भरतीत उपयोग होईल."

मैत्रिणींनो, यातलं एकही कारण खोटं नव्हतं. क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आपल्या मुलींना घराबाहेर पडायला कबड्डी-खोखोसारखा दुसरा रस्ता नाही. म्हणून "खेळू नकोस" म्हणणं आम्हांलाही जड गेलं. आमची भीती वेगळीच होती. डोक्याला मार लागला म्हणून खेळ बंद केला तर मुलीचा खेळ कायमचाच बंद होतो. मुलाला म्हणतात "बरा झाल्यावर जा", आणि मुलीला म्हणतात "आता बास झालं, घरातलं बघ." पोरीलाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती दुखणं लपवत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वहिनींबरोबर परत ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टर मॅडमनी सगळ्यांना बाहेर बसवून पोरीला एकटीला विचारलं. आत ती रडली आणि सगळं सांगितलं. डोकं रोज दुखत होतं, फळ्यावरचं दिसताना हलत होतं. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "बुधवारी ही खेळणार नाही. यावर बोलायचं नाही. पण कधी खेळेल ते मी सांगते, लिहून घ्या."

आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. आज ते तुम्हांला सांगायचं आहे.

अजून दुखत असताना दुसरा मार लागला तर काय होतं, हे मॅडमनी आधी सांगितलं. थोडं असेल तर दुखणं आठवड्यांवरून महिन्यांवर जातं. क्वचित, पण मुलांमध्ये आणि तरुणांमध्येच जास्त करून, मेंदूला एकदम सूज येते आणि ती आवरत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये बेन रॉबिन्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. २०११ च्या जानेवारीत शाळेच्या रग्बीच्या सामन्यात त्याला मार लागला, तरी तो खेळत राहिला, परत धडका बसल्या, आणि तो मैदानातच कोसळला. तो वाचला नाही. त्याच्या आईवडिलांनी नंतर हा विषय लावून धरला. आज ब्रिटनमध्ये गावपातळीवरच्या सगळ्या खेळांसाठी नियम आहे, की कन्कशनची शंका आली तर त्याच क्षणी बाहेर, आणि २१ दिवसांच्या आत सामना खेळायचा नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड या तेरा वर्षांच्या मुलाला २००६ साली फुटबॉल खेळताना मार लागला, थोडा वेळ बसवून त्याला परत उतरवलं, आणि सामना संपल्यावर तो कोसळला. जीव वाचला, पण पुढं कित्येक वर्षं त्याला चालणं-बोलणं नव्यानं शिकावं लागलं. २००९ साली तिथं त्याच्या नावानं कायदा झाला. मार लागलेलं मूल डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळणार नाही, असा.

लेखी परवानगी. सरांची नाही, बापाची नाही, आईची नाही, आणि पोराची तर नाहीच.

मॅडमनी सांगितलेल्या पायऱ्या जगभर वापरतात. २०२२ साली ॲमस्टरडॅमला खेळाच्या दुखापतींवर काम करणारे डॉक्टर जमले होते, तिथं त्या नव्यानं तपासून ठरवल्या गेल्या. पहिले एक-दोन दिवस घरी आराम. पण आराम म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं नव्हे. ते आता डॉक्टर सांगत नाहीत, त्यानं उलट पोर खचतं. अंगणात फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, गप्पा, एवढं चालतं. या दोन दिवसांत मोबाईल आणि टीव्ही मात्र जेवढा कमी तेवढं चांगलं. पोटभर जेवण, भरपूर पाणी, वेळेवर झोप. उपास या दिवसांत नको, मग नवरात्र असो की एकादशी.

त्यानंतर हलका व्यायाम. आधी दहा-पंधरा मिनिटं चालणं, मग भराभर चालणं, मग हळू पळणं. या टप्प्यात डोकं किंचित दुखलं आणि तासाभरात थांबलं तर घाबरायचं नाही. जास्त दुखलं तर त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी परत तेवढंच करून बघायचं. हे जमलं की एकटीनं खेळाचा सराव. पळणं, झटकन वळणं, बोनस रेषेपर्यंत पाय टाकून मागं येणं, पण आजूबाजूला कुणी नाही. पडण्या-धडकण्याचा संबंध नाही.

इथपर्यंत घरी आणि मैदानाच्या कडेला होतं. यापुढं जायला पोराला काहीही त्रास उरलेला नसावा आणि डॉक्टरांनी परत तपासून हो म्हटलेलं असावं. मग संघाबरोबर सराव, पण पकड नाही. खोखोच्या मुलींना खांबावर सूर मारणं नाही, फुटबॉलवाल्यांना डोक्यानं चेंडू मारणं नाही. मग पकडीसकट पूर्ण सराव. आणि सगळ्यात शेवटी सामना. या वरच्या पायऱ्यांवर डोकं जरासं जरी दुखलं, गरगरलं, तरी खाली उतरायचं, एकट्याच्या सरावापर्यंत.

एका पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस द्यायचा. आमच्यातल्या एकीनं लगेच हिशेब केला, "म्हणजे आठवड्यात झालं की." नाही. एक दिवस हा कमीत कमी आहे. मुलांचा मेंदू वाढीला लागलेला असतो, त्याला मोठ्या माणसांपेक्षा जास्त वेळ लागतो. बहुतेक मुलं चार आठवड्यांत बरी होतात. त्याच्या पुढंही त्रास राहिला तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. आमच्या पोरीला पहिल्या तीन पायऱ्यांनाच अठरा दिवस लागले. एकदा ती पळायला लागली आणि परत गरगरलं, तेव्हा चार दिवस नुसतं चालणंच केलं.

आणि शाळा खेळाच्या आधी. हे आम्हांला नवीन होतं. आपल्याला वाटतं अभ्यासात काय, बसूनच तर असतं. पण अभ्यास हे मेंदूचंच काम. दोन दिवसांनी घरीच वीस-वीस मिनिटं वाचायला लावायचं, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. वर्गात खिडकीच्या उजेडापासून लांब बसवायचं, मध्ये डोकं टेकू द्यायचं, त्या आठवड्यातली चाचणी पुढं ढकलायला सांगायची. वर्गशिक्षक समजून घेतात, पण आईनं स्वतः जाऊन सांगावं लागतं. चिठ्ठीत "बरं नाही" लिहून चालत नाही. जे मूल पूर्ण दिवस शाळेत त्रासाशिवाय बसू शकत नाही, ते पकडीचा सराव करू शकत नाही.

मॅडमच्या यादीत एक गोष्ट नव्हती, ती आमच्या लक्षात आली. खेळ बंद झाला, पण घरचं काम? आमच्या वाडीला नळ दिवसाआड येतो आणि हंडा डोक्यावरूनच येतो. आम्ही मॅडमना विचारलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे मी लिहायलाच विसरले. हंडा अजिबात नाही." तर हंडा नाही, सरपणाचा भारा नाही, वैरणीचा बिंडा नाही. ट्रॅक्टरवर बसून शेतात जायचं नाही, कारण ढेकळांतून डोकं हिंदकळतं. झाडावर चढणं नाही, विहिरीत पोहणं नाही, मोकळ्या रस्त्यावर सायकलही नाही. मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचं तर गतिरोधकावर हळू. मुलगा असो की मुलगी, पडण्याचा धोका असेल ते प्रत्येक काम हे खेळच समजायचं.

वहिनींच्या मालकांना समजवायचं काम राहिलंच होतं. डॉक्टरांचं त्यांनी ऐकून घेतलं, पण मान काही डोलली नाही. आम्ही आमच्या परीनं बोललो, तेही वाया. शेवटी त्यांच्याच पुतण्यानं काम केलं. तो म्हणाला, "काका, जडेजाच्या हेल्मेटवर बॉल लागला तेव्हा काय केलं होतं?" हे आमच्या घरच्या पुरुषांना तोंडपाठ असतं. २०२० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात टी-ट्वेंटी सामन्यात स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. दुसऱ्या डावात त्याला खेळवलं नाही, बदली म्हणून युजवेंद्र चहल आला आणि त्यानं तीन बळी घेतले. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवायचा हा नियम क्रिकेटमध्ये २०१९ पासून आहे. हेल्मेट घातलेलं असताना, करोडो रुपयांच्या खेळाडूला बाहेर बसवतात, तर हेल्मेट नसलेल्या आपल्या पोरीला का नको? दाजी थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सरांना मीच सांगतो." आम्ही दोन तास बोललो ते कुठं गेलं कुणास ठाऊक. असो. (हेल्मेटनं कवटी वाचते, पण आतला हिसडा पूर्ण थांबत नाही, हेही यावरून कळावं.)

बुधवारी संघ तिच्याशिवाय उतरला आणि उपांत्य फेरीत चार गुणांनी हरला. पोरगी आमच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. रस्त्यात दिसलो की तोंड फिरवायची. गावात कुणी कुणी म्हणालं, गटातल्या बायकांनी मॅच घालवली. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता खेळाचं खूळ जाईल. या दोन्ही बोलण्यांनी आम्हांला सारखाच त्रास झाला.

म्हणून आम्ही एक केलं. तालुक्याच्या सामन्यानंतर लगेच वहिनींबरोबर शाळेत गेलो आणि सरांच्या समोर वहीतलं ते पान ठेवलं. ही पोरगी कोणत्या तारखेला काय करेल ते सगळं त्यावर होतं, सामन्याची जागा तारीख न टाकता मोकळी ठेवली होती. सरांना आधी राग आला. मग त्यांनी पान हातात घेतलं आणि एकट्यानं करायच्या सरावात कोणते व्यायाम घ्यावेत ते स्वतः पेनानं लिहून दिले. ज्या दिवशी तिला संघापासून लांब एकटीनं पाय टाकायचे होते, तेव्हा सर तिच्याजवळ उभे होते. पोरीला त्या दिवशी कळलं असावं, की खेळ बंद झालेला नाही. आणि त्यानंतरच ती खरं सांगायला लागली, आज डोकं दुखतंय, आज नाही. खरं सांगितल्यावर खेळ कायमचा हिसकावून घेणार असतील तर कुठलं पोर खरं सांगेल?

रोज संध्याकाळी वहिनी तिला चारच प्रश्न विचारायच्या. डोकं दुखलं का, गरगरलं का, फळ्यावरचं नीट दिसलं का, झोप लागली का. उत्तर कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात. दूधवाल्याचा हिशेब लिहितो तिथंच, शेजारी. पुढच्या तपासणीला मॅडमनी ते कॅलेंडरच मागून घेतलं आणि रिपोर्टपेक्षा जास्त वेळ ते बघितलं.

चोविसाव्या दिवशी डॉक्टरांनी संघाबरोबरच्या सरावाला लेखी परवानगी दिली. पाचव्या आठवड्यात ती पकडीच्या सरावात उतरली. पहिल्या पकडीला वहिनींनी डोळे मिटले होते, आम्ही नाही. सहाव्या आठवड्यात शेजारच्या गावाशी मैत्रीचा सामना झाला, त्यात ती पहिल्यांदा चढाईला गेली.

आता शाळेच्या क्रीडा खोलीच्या दारावर आम्ही एक कागद लावलाय. वर लगेच १०८ ला फोन करायच्या खुणा, खाली पायऱ्या. गेल्या महिन्यात एक आठवीतला मुलगा सायकलवरून पडला तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुलांनीच येऊन सांगितलं, "सर, हा एकच गोष्ट सारखी विचारतोय." तो कागद ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या केंद्रावर येऊन झेरॉक्स घेऊन जावा. शाळेच्या सरांना नेऊन द्यावा, आणि आपल्या आशाताईंनाही.

परवा ती पोरगी हप्ता भरायला आईच्या ऐवजी स्वतः आली होती. वहीवर सही करताना मागचं पान उलटून बघितलं, मोकळ्या जागेत मैत्रीच्या सामन्याची तारीख तिनंच केव्हातरी लिहून ठेवली आहे. जाताना म्हणाली, "मावशी, यंदा तालुक्याचे सामने आपल्याच शाळेत आहेत. खुर्च्या तुम्हांला लावायला लागतील." आम्ही सतरा जणी त्या दिवशी बैठक सकाळीच उरकणार आहोत.